पोरीला चालतंय!

गेल्या जूनमध्ये आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका बाईनं पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर धाकट्या पोराच्या शाळेची फी भरायला. तालुक्याची इंग्लिश मीडियम शाळा, पिवळी गाडी दारात येते. मी सहज विचारलं, "आणि थोरली?"

"ती आहे की झेडपीत," ती म्हणाली. "पोरीला चालतंय."

वीस बायका बसल्या होत्या. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कर्ज मंजूर झालं. कागदावर माझीही सही आहे.

मैत्रिणींनो, "सरकारी शाळा वाईट, खाजगी शाळा चांगली" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते कुणी तपासूनही बघत नाही. झेडपीची शाळा म्हणजे खिचडीची शाळा. तिथं मास्तर झोपतात, पोरं शिव्या शिकतात. खाजगी शाळा म्हणजे टाय, बूट, शिस्त आणि फाडफाड इंग्रजी. यातलं "पोरं शिव्या शिकतात" हे जरा खरवडून बघा. खाली काय निघतं? तिथं कुणाची पोरं बसतात ते निघतं. आपलं मूल कुणाशेजारी बसू नये, हे उघड बोलायची आता चोरी आहे, म्हणून "वातावरण चांगलं नाही" असं म्हणायचं. जातीचं नाव न घेता जात पाळायची ही सोय आहे.

पण मला त्याहून पुढचं बोलायचं आहे. ही शाळा खरंच इतकी वाईट असेल, तर ती पोरीला कशी चालते? आणि पोरीला चालण्याइतकी बरी असेल, तर पोराला का नको? या प्रश्नाला शाळेशी काही देणंघेणं नाही. पोरीवर किती खर्च करायचा हे आधीच ठरलेलं असतं, शाळा त्या हिशेबानं निवडली जाते. "असर"चे ग्रामीण शिक्षणाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आलेत की खाजगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण जास्त आहे. मुलगी शाळेत जाते म्हणून आपण पाठ थोपटून घेतो, पण भेद आता शाळेच्या दारावरून हलून कुठली शाळा, यात येऊन बसलाय.

दुसऱ्याला बोल लावण्याआधी माझं सांगते. थोरलीला मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं. शिबिरांतून हे अभिमानानं सांगायची. धाकट्याच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, हा म्हणाला, दीर म्हणाले, आणि मी "घरात किती भांडायचं" म्हणून गप्प बसले. तो इंग्रजी शाळेत गेला. कित्येक वर्षांनी, थोरली कॉलेजात असताना, एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, तत्त्व माझ्यावेळीच का आठवलं होतं?" मी चळवळीत इतकी वर्षं आहे, पण तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता "खाजगीत शिकवतात तरी" हा मुद्दा घेऊ. आंध्र प्रदेशात 2008 पासून एक मोठा प्रयोग झाला. गावागावांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेची फी देण्यात आली, आणि चार वर्षांनी त्यांची तुलना चिठ्ठी न लागलेल्या मुलांशी केली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. हिंदीत खाजगीतली पुढे होती, कारण तिथं हिंदीला तास जास्त होते. म्हणजे चांगल्या घरातली, आधीच पुढे असलेली मुलं खाजगीत जातात आणि श्रेय शाळेला मिळतं.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष खाजगीकरणवाले नाचवतात. खाजगी शाळा तेवढंच शिकवतात, पण एका मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांश खर्चात! किती कार्यक्षम, नाही? पण ती कार्यक्षमता येते कुठून ते बघा. तिथल्या शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकांच्या सहाव्या हिश्श्याहून कमी होता. आणि हे शिक्षक म्हणजे मुख्यतः कोण? गावातच राहणाऱ्या, बाहेर नोकरीला जाता न येणाऱ्या तरुण बाया. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतली डी.एड. झालेली पोर महिन्याला एका आकड्यावर सही करते आणि दुसराच आकडा घरी आणते. बाळंतपणाची रजा मागितली तर "जूनमध्ये बघू" म्हणतात, आणि जूनमध्ये तिच्या जागी दुसरी उभी असते. बाईच्या स्वस्त श्रमावर ही शाळा चालते, आणि तिची फी भरायला दुसरी बाई बचत गटातून कर्ज काढते. एका टोकाला लुटली जाते ती बाई, दुसऱ्या टोकाला फेडत राहते तीही बाई. आणि आपण चर्चा करतो टायच्या रंगाची!

म्हणून झेडपी शाळेची आरती ओवाळा असं मी म्हणत नाही. संडास आहे पण पाणी नाही, त्यामुळे सातवीची मुलगी महिन्याचे चार दिवस घरी, हे मी पाहिलंय. बाईंना मतदार याद्या, निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं यातून शिकवायला वेळ उरत नाही, हेही पाहिलंय. त्या शाळेतल्या गुरुजींची स्वतःची पोरं मात्र खाजगी शाळेत जातात. सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी शाळेतच घालावीत असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2015 मध्ये दिला होता. तो कागदावरच राहिला. ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांचं मूल तिथं नसेल तर नळाला पाणी कशाला येईल?

2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के राखीव जागांचं बंधन नाही. लोक चिडले, कोर्टात गेले, जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. योग्यच झालं, आपणही त्या विरोधात होतो. पण त्या सगळ्या गदारोळात मला एक गोष्ट टोचत राहिली. "जवळच्या सरकारी शाळेत जा" हे ऐकताच सगळ्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटलं. ती शाळा शिक्षा का वाटावी, यावर एकही मोर्चा निघाला नाही. आपला तरी निघाला का?

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मागितलं होतं ते सर्वांसाठी, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण. रयतेच्या पैशावर वरच्यांची मुलं शिकतात, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. तीन जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, आणि चार जानेवारीला मुलाच्या प्रवेशासाठी खाजगी शाळेच्या रांगेत उभ्या राहतो.

याचा परिणाम पटावर होतो. करोनानंतर फी परवडेना म्हणून मुलं परत आली होती. ग्रामीण भारतात 6 ते 14 वयाची सरकारी शाळेतली मुलं 2018 मध्ये 65.6 टक्के होती, ती 2022 मध्ये 72.9 टक्के झाली. 2024 मध्ये पुन्हा 66.8. पैसा हातात आला की पोरगा पहिला बाहेर. मग पट घसरतो आणि सरकारला निमित्त मिळतं. 2017 च्या डिसेंबरात दहाच्या आत पट असलेल्या 1,300 हून अधिक शाळा बंद करायचं ठरलं. 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळा मिळून "समूह शाळा" काढायची टूम निघाली. लांबच्या शाळेत गाडीनं पाठवू म्हणतात. गाडी चार महिन्यांनी बंद पडते, हे आपल्याला सांगायला नको. मुलगा सायकल काढतो. मुलीची शाळा सुटते, आणि घरात स्थळं बघायला लागतात.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात. आमच्या वाडीच्या समितीत त्या आहेतही, वहीत. सभेच्या दिवशी नवरे येतात आणि अंगठा-सही घरी पोचते. बचत गटाच्या बैठकीला न चुकता येणाऱ्या आम्ही वीसजणींपैकी सहाजणींची नावं त्या वहीत निघाली. त्यांतली एक तर कर्ज मागणारीच. तिला माहीतच नव्हतं. येत्या शनिवारी सकाळी दहाला सभा आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव आम्ही लिहून ठेवलाय, आणि शाळा हलवायला विरोध करणारा दुसरा. शाळेत आज नऊ मुलं आहेत. त्यांतल्या सात मुली.