न दिलेला पगार

जर्मनीतल्या एका बेकरीचं एकपानी करारपत्र माझ्यासमोर आहे. पाठवणाऱ्या वाचकाने नाव, गाव, पत्ता सगळं काळ्या शाईने पुसलंय, ते बरंच केलं. काम: काउंटरवर विक्री. मोबदला: किमान वेतनाच्या दराने, ताशी. कामाचे तास: ‘गरजेनुसार, आधी कळवून’. बस. कामावरच्या बाई मूळच्या नाशिककडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेलेल्या, आठवड्यातले तीन दिवस सकाळी पाव विकतात. पुण्यात बसून जर्मन पेरोल करणाऱ्या आमच्या वाचकाला दर महिन्याच्या इनपुट शीटवर त्यांच्या नावापुढे तास येतात, कधी ४१, कधी ४३. तो ते भरतो, मिनिजॉब (ठरावीक मासिक मर्यादेच्या आतली छोटी नोकरी) म्हणून रन करतो, स्लिप काढतो. त्याची शंका साधी होती. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १२.८२ युरोंवरून १३.९० झालं, मिनिजॉबची मर्यादा ५५६ वरून ६०३ झाली; बाई मर्यादेत बसतील ना?

बसतील. ४३ तास आणि वर वीस मिनिटं, इथपर्यंत बसतील. ही मर्यादा ऑक्टोबर २०२२ पासून किमान वेतनालाच बांधलेली आहे: वेतन गुणिले १३०, भागिले ३, आणि येईल त्याच्या वरचा पूर्ण युरो. १३.९० घेतले की ६०२.३३ येतात, म्हणून ६०३. आठवड्याला दहा तास काम करणारा किमान वेतनावर मिनिजॉबमध्येच राहावा, एवढा त्यामागचा हिशोब.

शंकेचं उत्तर झालं. पण शंका चुकीच्या कागदावर होती. भानगड शीटमध्ये नाही, करारात आहे.

बोलावू तेव्हा यायचं अशा कामात आठवड्याचे तास ठरवलेले नसतील, तर वीस तास ठरले असं धरायचं, असं अर्धवेळ नोकऱ्यांच्या जर्मन कायद्याचं कलम १२ सांगतं. २०१८ संपेपर्यंत हा आकडा दहा होता, आणि दहा तासांवर असा करार निभावून जायचा. त्या काळातले नमुने छोट्या दुकानदारांच्या कॉम्प्युटरांत अजून फिरतायत. नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. १ जानेवारी २०१९ पासून दहाचे वीस झाले. आठवड्याला वीस म्हणजे महिन्याला ८६.६७ तास, १३.९० च्या दराने १,२०४ युरो ६७ सेंट. बेकरीवाल्याने दिले फार तर सहाशे. बाईंनी जास्त मागितले नाहीत, त्यांना मागायचं काही आहे हे माहीतही नाही. आणि तरीही सामाजिक विम्याच्या वर्गण्या १,२०४ वर लागतात. मिनिजॉब कागदोपत्री उरतच नाही. ‘पण इतकी वर्षं दहाच तास चाललेत की’ हेही सांगून फारसं भागत नाही. एर्फुर्टच्या संघीय श्रम न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात म्हटलंय, की नुसती वहिवाट वेगळे तास ठरल्याचा पुरावा होत नाही.

जर्मन पेरोलवाल्यांचा याला शब्द आहे, फांटोमलोन. भुताचा पगार. हातात पडत नाही, पण वर्गणी मात्र खरी मागतो.

बाईंच्या बाजूनेही पाहा. त्या नवऱ्याच्या आरोग्य विम्यात कुटुंबीय म्हणून फुकट आहेत, आणि मिनिजॉबची मर्यादा ओलांडली की ती सवलत जाते. ज्या पैशाचं त्यांनी तोंडही पाहिलं नाही त्या पैशाने ती जाऊ शकते. (त्यांच्या जागी विद्यापीठात शिकणारी मुलगी असती तर गणित वेगळं झालं असतं. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मिनिजॉबच्या वर गेल्यावर पेन्शनचीच वर्गणी लागते, बाकीच्या लागत नाहीत. आखेन-श्टुटगार्टकडच्या आपल्या मुलांचे पेरोल करणाऱ्यांनी दोन्ही हिशोब मांडून पाहावेत.)

आपल्याकडून चूक होते ती दोन कायदे एकाच स्लिपवर शेजारी बसतात म्हणून. आयकर विचारतो, पैसे हातात आले का? नसतील आले तर कर नाही. सामाजिक विमा विचारतो, पैशांवर हक्क होता का? होता, तर वर्गणी द्या, दिले नसतील तो तुमचा प्रश्न. अपवाद एकरकमी पैशांचा. वर्षाखेरचा बोनस किंवा नाताळचे पैसे दिलेच नाहीत तर विमाही ते मागत नाही. मासिक पगारात मात्र सुटका नाही. स्लिपवरच्या दोन ब्रुटो रकमा, एक कराची आणि एक विम्याची, जुळत नाहीत म्हणून नवी मुलं घाबरून टिकेट टाकतात. खरं तर त्या दर महिन्याला हुबेहूब जुळल्या, तेही पाळीवाल्या कारखान्यात, तर मला घाबरायला होतं.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमाचा पेरोल माझ्याकडे होता. रात्रपाळीची एक परिचारिका ऑक्टोबरात दोन आठवडे आजारी पडली. आजारपणाचे पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, हे मला पाठ होतं. पूर्ण म्हणजे किती, हे नव्हतं. शीटवर तिचे रात्रीचे तास शून्य आले, मी रात्रभत्त्याच्या लोनार्टपुढे, म्हणजे पगारातल्या त्या बाबीपुढे, शून्य टाकलं. आली नाही, तर रात्रपाळीचा भत्ता कसला? आपल्या डोक्याला हे इतकं सरळ वाटतं की शंकासुद्धा येत नाही. चेकरने पाहिलं, क्लायंटने मंजूर केलं, पैसे गेले.

आकडे सोपे करून सांगतो. ताशी पगार वीस युरो, रात्रीचा भत्ता २५ टक्के, म्हणजे ताशी पाच. आठ तासांची रात्र, चाळीस युरो. दोन आठवड्यांच्या दहा रात्री, चारशे. त्या रात्री तिने खरंच काम केलं असतं तर हे चारशे करमुक्त होते, वर्गणीमुक्तही होते. आजारी पडली नसती तर तिला ते मिळालेच असते, म्हणून आजारातही द्यायचे. पण सवलत आहे प्रत्यक्ष रात्री जागण्याला, अंथरुणात पडून राहण्याला नाही. म्हणून तेच चारशे आजारात करपात्र, वर्गणीपात्र. मी एकदम तीन चुका केल्या: दिले नाहीत, त्यावर वर्गणी कापली नाही, आणि हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. सुट्टीचंही जवळपास तसंच. सुट्टीचा पगार आधीच्या तेरा आठवड्यांच्या सरासरीवर काढतात. ओव्हरटाइमचा जादा पैसा त्यातून वगळतात, पाळीभत्ता वगळत नाहीत.

जर्मन पेन्शन विमा संस्थेचे तपासनीस दर मालकाकडे निदान चार वर्षांतून एकदा येतात. वृद्धाश्रमात आले तेव्हा त्यांनी आजारपणाच्या नोंदी आणि पाळ्यांचा तक्ता शेजारी ठेवला. एवढंच केलं. ती एकटीच नव्हती, सगळी रात्रपाळी होती. आश्रमातल्या बाईंनी मला फोनवर विचारलं, ‘तुम्ही आम्हाला विचारलं का नाहीत?’ मी म्हणालो, शीटवर नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

अशा वेळी मालकाच्या अंगाशी काय येतं ते क्लायंटला सांगायला हाताशी असू द्या. कर्मचाऱ्याच्या हिश्शाची न कापलेली वर्गणी त्याच्या पुढच्या फक्त तीन पगारांतून वळती करता येते. मालकाचा दोष नसेल तेवढा अपवाद. त्यानंतर दोन्ही हिस्से मालकाचे. मागणी चार वर्षं जिवंत राहते, जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीस. माहीत असायला हवं होतं असं ठरलं तर थकबाकीवर महिन्याला १ टक्का दंडही बसतो. यात किमान वेतनाची तपासणी अजून धरलेली नाही. ती जर्मनीत कस्टम्स खातं करतं. पावाच्या दुकानात कस्टम्सचे गणवेश पाहून पहिल्यांदा आपला माणूस चक्रावतो. मिनिजॉबवाल्यांच्या कामाच्या सुरू-बंदच्या वेळा सात दिवसांच्या आत लिहिलेल्या आणि दोन वर्षं जपलेल्या त्यांना लागतात.

आता आपल्याबद्दल. पुण्यातल्या बहुतेक सेवा करारांत एक वाक्य असतं: क्लायंटने दिलेल्या माहितीनुसार आम्ही पगार काढू. हे वाक्य दाव्यापासून वाचवतं, हे मान्य. पण त्याच्या आडोशाला आपण फार वर्षं बसलोय. करारपत्रं मागितली की उत्तर येतं, खासगी माहिती आहे, युरोपचा डेटा कायदा आहे, देता येत नाही. मला याचं हसू येतं. ही नाशिकची बाई कुठल्या चर्चची सभासद आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, कारण जर्मनीत चर्चचा कर पगारातून कापतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९. तिला मुलं किती, हे ठाऊक असतं, कारण जुलै २०२३ पासून शुश्रूषा विम्याची वर्गणी मुलांच्या संख्येवर ठरते. बँक खातं ठाऊक, आजारी कधी पडली ते ठाऊक. धर्म चालतो, आणि करारातले आठवड्याचे तास खासगी!

करारपत्र मिळत नसेल तर करार मागू नका. तीन गोष्टी मागा: आठवड्याचे ठरलेले तास, पाळीभत्त्याचे नियम, आणि कोणता सामूहिक वेतनकरार लागू आहे. शेवटची गोष्ट विसरू नका. सर्वांना बंधनकारक ठरवलेल्या सामूहिक करारातला दर किमान वेतनाहून जास्त असेल आणि मालक कमी देत असेल, तर मधला फरक हाही फांटोमलोनच. या तीन गोष्टी मास्टरमध्ये स्वतंत्र रकान्यात ठेवा, आणि रकाना रिकामा असेल तर रन अडवा. कटऑफ चुकेल, एस्कलेशन येईल, येऊ द्या.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला श्रमसंहिता लागू झाल्या आणि ‘वेतन म्हणजे काय’ यावर सगळी ऑफिसं बोलू लागली. भत्ते निम्म्यावर गेले की वरचे वेतनात मिळवायचे, एवढ्यावर इतकी धावपळ. जर्मन पेरोल करणाऱ्याने हा प्रश्न रोज विचारायला हवा होता, पण त्याच्या टेबलावर तो येतच नाही, कारण मधे शीट आहे.

बेकरीवाल्याला वाचकाने कळवलं. त्याने एका ओळीची पुरवणी केली: आठवड्याला दहा तास, १ जानेवारीपासून. जानेवारी २०२७ पासून किमान वेतन १४.६०, मर्यादा ६३३, आणि दहा तास तेव्हाही आतच. करारात तासांऐवजी ‘महिना ६०३ युरो’ लिहिलं असतं तर तिथे पुन्हा अडकला असता.

मागच्या महिन्यांचं काय, हे बेकरीवाल्याने अजून विचारलेलं नाही. आपणहून सांगावं का, असं वाचक मला विचारतोय. सांग, म्हटलं. लेखी सांग, आणि त्याच्या कर सल्लागाराला प्रत लाव.