‘मशाल’मधली दिवाळी

अण्णा भाऊ साठे यांची पहिली कथा छापून आली ती १९४९ साली, ‘मशाल’ साप्ताहिकात. कथेचं नाव ‘माझी दिवाळी’. तोवर गिरणगाव त्यांना शाहीर म्हणून ओळखत होतं. १९४३चा स्तालिनग्राडचा पोवाडा गाजून गेला होता आणि अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ साली उभं केलेलं लालबावटा कलापथक कामगारवस्त्या जागवत होतं. असा माणूस कथेकडे वळला तो दिवाळीचं नाव घेऊन. दिवाळी अंक काढणाऱ्यांना याचा मोह पडणारच. यंदाचा अंक त्यांच्यावर आहे.

वाचक विचारतील, अण्णा भाऊंचं वाटेगाव कुठे, आपलं हसनाबाद कुठे? मध्ये निम्मा महाराष्ट्र. पण १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपलं गाव निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्यातल्या तेलंगणात कुळांनी आणि वेठबिगारांनी देशमुखांच्या गढ्यांविरुद्ध हत्यार उचललं, तेव्हा अण्णा भाऊंनी ‘तेलंगणाचा संग्राम’ रचला. मुक्तिसंग्रामदिनाच्या आपल्या भाषणांत रझाकार येतात, पोलिस अॅक्शन येते. जमीन कसणाऱ्याची की गढीवाल्याची, हा सवाल मात्र कुणी काढत नाही. अण्णा भाऊंनी नेमका तोच धरला होता.

त्यांच्यावरचं प्रत्येक भाषण ‘दीड दिवसाची शाळा’ इथून सुरू होतं. जणू बाकी सगळं चमत्कारानेच झालं! मुंबईत आल्यावर त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केलं, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं पक्की केली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या संगतीत वाचनाची गोडी लागली. ही घडण संघटनेतली, मोर्चातली होती. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच तमाशाला लोकनाट्याचं रूप देऊन त्यांनी तो पुन्हा लोकांपुढे आणला. गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन आलं.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ची, बाबासाहेबांना अर्पण केलेली. तिचं मोठेपण सर्वांना मान्य आहे, त्यावर जागा घालवत नाही. आम्हाला अधिक धारदार वाटते ती ‘स्मशानातील सोनं’ ही कथा. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. राखेत एक अंगठी सापडते आणि तो मढी उकरू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, पुढे ती कापावी लागतात. आणि तेव्हाच बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली! भीमा पापी आहे की नाही, यात लेखक वेळ दवडत नाही. कामाच्या माणसाचं काम काढून घेतलं की तो कुठवर जातो, एवढंच दाखवतो.

ही कथा जालना जिल्ह्यात वाचताना ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, कारखान्याच्या आवारातली कोपी, सोबत शाळा सुटलेली पोरं. यांच्यावर सहानुभूतीने लिहिणारे पुष्कळ भेटतात. कोयत्याचा हिशोब समजून लिहिणारे फार थोडे.

अण्णा भाऊंचं सगळंच लेखन अव्वल आहे, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. पस्तीसेक कादंबऱ्यांतल्या कित्येक घाईच्या आहेत. योगायोग फार, नायिका एकाच साच्यातल्या. पोटासाठी लिहिणाऱ्याला पुनर्लेखनाची चैन परवडत नाही, हेही लक्षात ठेवावं. १८ जुलै १९६९ला ते गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडपट्टी त्यांच्या कथांत अमर झाली, पण दारिद्र्य शेवटपर्यंत हटलं नाही.

नंतर मानसन्मान खूप झाले. २००२ साली टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. १९६१च्या रशियावारीवर त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं, त्याची आठवण तेव्हा निघाली. ते ज्या लाल विचाराच्या ओढीने तिथे गेले होते, त्याची फारशी निघाली नाही. त्यांच्या नावाच्या महामंडळात तर घोटाळ्याच्या आरोपाखाली २०१५ साली माजी अध्यक्षालाच अटक झाली. ‘देशभक्त घोटाळे’ हा वग लिहिणाऱ्याला नवं कथानक शोधायची गरजच पडली नसती. १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, गावोगावी मिरवणुका निघतात, डीजे वाजतो, फलकांवर सगळ्या पक्षांचे पुढारी हात जोडून उभे असतात. मिरवणुकीतल्या पोरांना नावं ठेवायची आमची इच्छा नाही, नाव घ्यायला हक्काचा माणूस लागतोच. तक्रार पुढाऱ्यांबद्दल आहे. अण्णा भाऊंची जात त्यांना तोंडपाठ आहे आणि त्यांचा पक्ष आठवत नाही.

म्हणून या अंकात गौरवलेख कमी ठेवले. एकेक कथा घेऊन तिच्याशी झटापट करणारे लेख मागवले, दोन लेखकांनी तर ‘फकिरा’वरच भांडण मांडलं आहे. कवितांची पानं कापावी लागली, कवींनी रागवू नये. छपाईला घाई केली ती टोळ्या निघायच्या आत अंक गावात यावा म्हणून. कारखान्यावर जाणाऱ्या पोरांसाठी काही प्रती वाचनालयात वेगळ्या काढल्या आहेत. त्यांची नोंद रजिस्टरात होणार नाही आणि परत मागायलाही कुणी येणार नाही.