दिवसाचे 50 रुपये आणि नानीचं ताट

माझी नानी जिंतूरला एकटी राहते. वय सत्तरीच्या पुढे. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा दुपारी 2 वाजता ती चहात टोस्ट बुडवून खात होती. विचारलं, "नानी, जेवण झालं?" म्हणाली, "येइच खाना है बेटा. पेट भरता, ताकत नई आती."

नानीला श्रावणबाळचा 'पगार' मिळतो. 2023 मध्ये तो 1,000 वरून 1,500 रुपये झाला. म्हणजे दिवसाला 50 रुपये. त्यातच बीपीची गोळी, लाइटबिल आणि बँकेत जायचं रिक्षाभाडं. मामू पुण्यात मजुरी करतात, त्यांचं त्यांनाच पुरत नाही.

लोक म्हणतात, रेशन तर फुकट आहे. आहे, माणशी महिन्याला 5 किलो गहू-तांदूळ. पण हिशेब करून बघा. 50 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 42 ग्रॅम प्रथिनं लागतात. रेशनच्या धान्यातून मिळतात 15-16. उरलेली कुठून आणायची? मूठभर डाळ, एक अंडं, एक कप दूध आणि थोडं शेंगदाण्याचं कूट रोज मिळालं, तर हिशेब जवळपास जुळतो. नानीच्या ताटातून नेमकं हेच गायब आहे. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात आणि माणूस भिंत धरून उठायला लागतो. आपण म्हणतो, "वय झालं." दरवेळी ते वय नसतं.

कागदावरची परिस्थितीही बघा. 80 वर्षांखालच्या वृद्धांसाठी पेन्शनमधला केंद्राचा वाटा 2007 मध्ये महिना 200 रुपये होता. आजही तेवढाच आहे. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट अडीच लाख, पण ती योजना 65 वर्षांपर्यंतच. त्यानंतर बाई श्रावणबाळकडे गेली की अट होते 21,000. म्हणजे महिन्याला 1,750 रुपयांत अख्खं घर चालत असेल, तरच ती म्हातारी गरीब! म्हातारपणी भूक कमी होत असेल, पण गरज कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट परभणीकर म्हणून सलते. लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आपल्याच कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये दिलं. ज्वारी हे तर आपल्या मराठवाड्याचं रोजचं खाणं. मग रेशनवर गहू-तांदळासोबत ती दर महिन्याला का नको? सोबत एक किलो तूरडाळ का नको? पेन्शन दरवर्षी महागाईप्रमाणे का वाढू नये? या मागण्या आपण लोकप्रतिनिधींकडे लावून धरल्या पाहिजेत.

पण तोपर्यंत आपण काय करणार? आपल्या मोहल्ल्यात दर रमजानला रेशन किट वाटले जातात. चांगलंच काम आहे. पण बाकीच्या 11 महिन्यांचं काय? त्याच पैशातून 10 वृद्धांना वर्षभर डाळ, अंडी आणि शेंगदाणे पोहोचवता येतील का, हे कमिटीत विचारून बघा.

दुसरं काम बिनपैशाचं आहे. पगार आता आधार जोडलेल्या खात्यातच येतो. आधार जोडलेलं नसलं किंवा हयातीचा दाखला राहिला, की पैसे अडकतात. म्हाताऱ्या माणसांना ते कळतसुद्धा नाही, ते नुसते बँकेत हेलपाटे घालतात. तुमच्या हातात मोबाईल आहे, लिहिता-वाचता येतं. जुम्याच्या नमाजनंतर एक तास बसा आणि गल्लीतल्या खाला-चाचांचे कागद तपासा.

नानीला मी आता दर आठवड्याला एक डझन अंडी पाठवतो. फोनवर ती विचारते, "इत्ते का करूं?" आणि दुसऱ्याच वाक्यात सांगते की तिने दोन शेजारच्या बेवा खालाला दिली. त्या खालाचा पगार 4 महिन्यांपासून अडकलाय. पुढच्या जुम्याला मी जिंतूरला जातोय.