घरचा उद्योग आणि पालिकेचा परवाना

दिवाळी जवळ आली की बडोद्यातील मराठी घरांतून भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो. चकली, अनारसे, मेतकूट मागणीप्रमाणे करून देणाऱ्या आमच्या भगिनींपैकी कित्येकींचा संसार याच मिळकतीवर चालतो. अशा उद्योगास महानगरपालिकेचा परवाना लागतो काय, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते.

उत्तरासाठी १९४९ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. १९६० साली राज्ये दोन झाली. कायदा मात्र दोघांनीही आपापल्या घरी नेला आणि कालांतराने त्यास आपापले नाव दिले. पुण्याच्या नणंदेस आणि बडोद्याच्या भावजयीस मूळ कायदा असा एकच!

त्यातील ३७६ वे कलम सांगते की, जो व्यवसाय आयुक्तांच्या मते जीवित, आरोग्य वा मालमत्ता यांस धोकादायक अथवा उपद्रवकारक असेल, तो परवान्यावाचून चालविता येणार नाही. ‘आयुक्तांच्या मते’ हे दोन शब्द आम्हांस फार जड वाटतात. एका अधिकाऱ्यास पापड लाटणे गृहकृत्य वाटेल, तर दुसऱ्यास कारखाना. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कार्यशाळेसही परवानगी हवी, असे हाच कायदा म्हणतो. परंतु तो झाला तेव्हा घरोघरी मिक्सर कोठे होते?

तथापि शेजाऱ्याची तक्रारही नेहमीच खोटी नसते. पहाटेपासून घरघरणारे यंत्र, जिन्यात रचलेले तेलाचे डबे, चिंचोळ्या खोलीत चार-चार गॅसच्या टाक्या, हे कोणी निमूट सोसावे? म्हणून परवानाच नको, असे आम्ही म्हणत नाही. बाहेरचे किती हात कामाला आहेत, यंत्र केवढे आहे, इंधनाचा साठा किती, यांवरून घरकाम कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो, ते कायद्यानेच लिहून द्यावे, इतकेच आमचे म्हणणे.

ही रेषा पालिकेने मनास येईल तशी आखावयाची नाही, कारण पालिका स्वयंभू नव्हे. स्थानिक शासन हा विषय घटनेने राज्यसूचीत ठेवला आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले, तरी ते सोपवावयाचे की नाही हे राज्याच्या विधिमंडळाच्या हाती राहिले. तेव्हा अर्ज-विनंत्या पालिकेच्या खिडकीवर करून भागणार नाही. आपल्या आमदारासच गाठले पाहिजे.

खाद्यपदार्थांच्या नोंदणीचे प्रकरण याहून निराळे. ती २००६ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली होते, आणि लहान उत्पादकांसाठी २०११ च्या नियमांनी तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले होते. पालिकेचा परवाना असला म्हणून ही नोंदणी टळत नाही, आणि नोंदणी केली म्हणून पालिकेचा परवाना मिळाला, असेही होत नाही.