पत्र्याची गिटार

मंडळी, आमच्या घरात सध्या एका खरेदीवरून दोन तट पडलेत. भाच्याला स्लाइड वाजवायला धातूची रेझोनेटर गिटार हवी आहे. आक्का म्हणते, एवढ्या पैशात स्कूटीचा हप्ता सुरू होईल. भावजी गप्प. आणि दोन्हीकडून मला विचारलं जातंय, "तुमचं काय मत?" तोंडी सांगितलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो, म्हणून इथे लिहून टाकतो.

माझं मत असं: घ्यावी. पण चकाकी बघून घेऊ नये, आणि काय वाजवायचं हे ठरल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण फोटो बघून घरातल्या थोरांनी "ही हुपरीत केली का?" असं विचारून झालंय. नाही हो, यात चांदी नाही. जुन्या भारी गिटारी 'जर्मन सिल्व्हर'च्या असत, पण त्या नावात चांदी आहे तेवढीच. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. बाकीच्या पितळेच्या किंवा पोलादी पत्र्याच्या, वरून निकेलचा मुलामा. आत ॲल्युमिनियमचा पातळ शंकू असतो. तारांचं कंपन घोडीतून त्या शंकूत उतरतं आणि तो लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा आवाज बाहेर फेकतो. खटाटोप कशासाठी? तर विजेवरच्या गिटारी रुळायच्या आधी नाचाच्या वाद्यवृंदात बिचारी लाकडी गिटार ऐकूच यायची नाही. म्हणून जॉन डोपेरा या कारागिराने ही युक्ती काढली आणि १९२७ मध्ये नॅशनल कंपनीची तीन शंकूंची गिटार बाजारात आली. पुढे तो तिथून बाहेर पडला आणि भावांबरोबर त्याने 'डोब्रो' काढली. डायर स्ट्रेट्सच्या १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या कव्हरवर ढगांत तरंगणारी गिटार आठवते? ती नॅशनलचीच, १९३७ सालची. निम्मी पोरं त्या चित्रावरच भाळलेली असतात.

आता तारेवर काही घासत वाजवणं आपल्याला नवं आहे का? विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतोच, दक्षिणेत चित्रवीणा आहे. हवाईची गिटार आपल्याकडे आली आणि व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी त्यावर सिनेमाची गाणी वाजवून ती घराघरांत पोचवली. ब्रिजभूषण काब्रांनी तीच गिटार रागसंगीतात आणली. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या नावाने ओळखली जाते, पण त्यातली गिटार काब्रांची. मग विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आणि १९९४ चं ग्रॅमी.

मुद्दा असा की यांपैकी कुणी आपल्या संगीतासाठी पत्र्याची गिटार धरली नाही. काब्रांची आणि भट्टांची वाद्यं लाकडीच, भट्टांनी तर तरफेच्या तारा वाढवल्या. कारण उघड आहे. आपल्याला मींड हवी. एकदा तार छेडली की गंधारापासून पंचमापर्यंत स्वर जिवंत राहायला हवा. एका शंकूची पत्र्याची गिटार याच्या उलट वागते. छेडल्याबरोबर खणखणीत बोलते आणि पटकन विझते. ब्लूजला ते शोभतं, तिथे स्वर तुटक आणि ठसक्यात हवा असतो. हलगीला कुणी सनईचं काम सांगत नाही, तसंच हे.

म्हणून भाच्याला पहिला प्रश्न: तुला मारवा वाजवायचाय की ब्लूज? मारवा असेल तर पत्रा विसर. घरातल्या लाकडी गिटारीच्या नटवर तार उचलणारी धातूची पट्टी बसव, एक पोलादी दांडी घे आणि वर्षभर मांडीवर घेऊन घास. हा खर्च गिटारीच्या मानाने किरकोळ आहे. वर्षानंतरही हात तिकडे वळत असेल तर पुढचं बघू.

ब्लूज असेल तर पुढे वाच.

प्रकार मुख्यतः तीन. साडेनऊ इंची एकच शंकू, त्याच्या टोकावर लाकडाची चकती, तिला 'बिस्किट' म्हणतात. साडेदहा इंची शंकू वाटीसारखा उलटा आणि त्यावर कोळ्याच्या पायांसारखी धातूची घोडी, ही डोब्रोची रचना, बहुधा लाकडी अंगात. आणि सहा इंची तीन शंकूंची, जिचा स्वर जास्त टिकतो, पण किंमतही तशीच. बेताच्या पैशात धातूचं अंग हवं असेल तर बिस्किटवालीच बघावी. ग्रेचची पितळी 'हनी डिपर' किंवा रेकॉर्डिंग किंगच्या गिटारी याच वर्गातल्या. मान गोल की चौकोनी तेही बघावं. चौकोनी मान फक्त मांडीवर आडवी ठेवून वाजवायला, गोल मानेवर बोटात काचेची नळी घालूनही वाजवता येतं आणि बाकीच्या बोटांनी सूरही धरता येतात. नवख्याने गोलच घ्यावी.

स्वस्तात कारखाना कुठे हात आखडतो? अंगात नाही, कारण फोटोत तेच दिसतं. आखडतो शंकूत, घोडीत आणि जुळणीत. पण शंकू बदलता येतो, घोडी नव्याने घासता येते. वाकडी मान मात्र कुणी सरळ करून देत नाही. म्हणून स्वस्त गिटारीत मान बघावी आणि शंकूसाठी थोडे पैसे मागे ठेवावेत. सगळं बजेट गिटारीतच घालवणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्यात खरखरणारा डबा राहतो.

दुकानात गेल्यावर अंगावर बोटाने टकटक करा, झाकणाचे स्क्रू खुळखुळतात का ऐका. प्रत्येक तार जोरात छेडा. शंकूला पोचा असेल तर आवाज फाटतो. बाराव्या पट्टीवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट लागतो का तपासा. वाजवताना बाजूला कुणाला तरी उभं करा, कारण हिचा आवाज समोरच्याला जास्त आणि वाजवणाऱ्याला कमी येतो. मांडीवर घेऊन अर्धा तास बसा, साडेतीन-चार किलोचा ऐवज आहे. आणि घरी आणल्यावर सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. शंकू तारांच्या दाबानेच जागेवर बसलेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात घामट हात पुसल्याशिवाय ठेवली तर मुलाम्याखालचं पितळ हिरवं पडायला वेळ लागत नाही.

आता माझ्या खऱ्या म्हणण्याकडे येतो. आपण जयसिंगपूरकर. रेल्वेत बसलं की बघता बघता मिरज येतं. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आपण अभिमानाने एकमेकांना पाठवल्या. पण आपल्यापैकी किती जण त्या गल्लीत जाऊन तासभर बसलेत? जवारी काढणारा माणूस घोडीवर कानस फिरवतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. तार घोडीला नेमकी कुठे आणि किती टेकते यावर स्वराचं आयुष्य ठरतं, हे त्या माणसाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय. रेझोनेटरचा शंकू त्याच्या रोजच्या कामातला नाही हे मान्य. पण कान तोच लागतो. पोराने महागडं वाद्य कुरियरने मागवायच्या आधी चार रविवार तिथे घालवावेत, असं मला मनापासून वाटतं. गिटार कुठलीही घेतली तरी ती बोलते कशी हे त्याला कळेल, आणि ते कुठल्याच खोक्यात भरून येत नाही.

आक्काला एवढंच सांगतो: स्कूटीचा हप्ता संपेपर्यंत स्कूटी जुनी होते. बरं वाद्य नीट सांभाळलं तर पुढच्या पिढीला वाजवता येतं. पण ते 'बरं' असायला हवं, आणि पोराने ते रोज हातात घ्यायला हवं. म्हणून निम्मे पैसे त्याने स्वतः साठवावेत. वर्षभर साठवूनही हौस टिकली तर उरलेले निम्मे मी घालतो. भावजींना आता गप्प बसायचं कारण नाही.

बाकी तुमच्यापैकी कुणी पत्र्याची गिटार वापरली असेल तर अनुभव जरूर कळवा. विशेषतः पावसाळ्यातला.