पेत्राची चादर आणि रोजची न्याहारी

बेकनने प्रकृती बिघडते असे कोणी म्हटले, की आम्ही ख्रिस्ती लगेच पेत्राच्या दृष्टांतामागे लपतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10: चादर उतरली, विटाळ संपला, वाढा आता! अहो, ती चादर पेत्राला परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी नेण्यासाठी उतरली होती. तो काही रोजच्या न्याहारीचा परवाना नव्हे.

मीठ लावून मुरवलेले, धुरावलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली तंबाखूच्याच गटात घातले. धोका तंबाखूइतका आहे असे नव्हे. पुरावा तेवढा पक्का आहे. रोज 50 ग्रॅम खाल्ले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. आपल्या लाडक्या गोव्याच्या चोरीसालाही हेच लागू. (लिहितानाही तोंडाला पाणी सुटते, काय करणार!)

नाताळाला, फेस्ताला दोन पट्ट्या जरूर खा, आम्हीही खातो. पण शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे पौलाचे शिक्षण आम्ही मुलांना दारू-तंबाखूपुरतेच देतो, आणि त्याच मुलांच्या डब्यात आठवडाभर बेकन भरतो. मिस्सेनंतरच्या न्याहारीला उकडलेली अंडी ठेवा, असे आम्ही सुचवले आहे. अजून कोणी होकार दिलेला नाही.