रागाचा पत्ता

मेल्व्हिल ड्यूई यांनीं १८७६ सालीं आपली दशांश वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. तींत संगीतास ७८० हा अंक आहे. त्या अंकाशीं आमचें भांडण नाहीं. पण आपल्या संगीताचें बिऱ्हाड एका अंकांत मावत नाहीं, त्याला काय करावें? भातखंड्यांची सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका ७८० मध्यें जाते. आणि भास्करबुवा बखल्यांनीं यमनांत बांधलेलें पद ज्यांत आहे, तें खाडिलकरांचें ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) मराठी नाटक म्हणून ८९१.४६२ मध्यें! मग यमनाच्या शोधांत आलेल्या विद्यार्थ्यानें जावें कोठें? युरोपांत स्वरलिपि रचनाकाराच्या नांवें लावितात, तें तेथें योग्यच. आपल्याकडे चीज ओळखली जाते ती रागावरून. कित्येक चिजांचा कर्ता कोण, हेंही ठाऊक नसतें. ‘एक पुस्तक एकाच फळीवर राहणार,’ असें ग्रंथपाल म्हणतील. खरें आहे, पण सूचींतील नोंदी हव्या तितक्या करतां येतात. पुस्तक कोठेंही असो, त्यांतील प्रत्येक रागाच्या नांवें एक नोंद करा. ज्या ग्रंथालयांत यमन मागूनही मिळत नाहीं, त्यानें संगीतविभागाची पाटी मिरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.